मोजा लिहून दिला म्हणजे उपचार झाला का?

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरी कोणाच्या पायाच्या नसा फुगल्या आहेत, ऑपरेशन झालं आहे किंवा व्हायचं आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. ज्यांच्या घरी तसं कोणी नाही त्यांनीही वाचा. आपला जिल्हा धानाचा. दिवसभर उभं राहून, वाकून राबणारी माणसं आपल्याकडे शोधावी लागत नाहीत.

विषय एका मोज्याचा आहे. हसू नका.

व्हेरिकोज व्हेन्सचं ऑपरेशन करून नागपूरहून सुट्टी झालेल्या माणसाच्या पिशवीत तीन गोष्टी असतात. गोळ्यांची पाकिटं, इंग्रजीत लिहिलेलं डिस्चार्ज कार्ड आणि कातडीच्या रंगाचा एक घट्ट मोजा. कार्डावर एक ओळ असते, 'स्टॉकिंग्ज, ३ महिने'. कुठे ६ आठवडे, कुठे ६ महिने. दाब किती हवा, माप कोणतं, रात्री काढायचा की ठेवायचा, धुवायचा कसा, बोटं बधिर झाली तर काय करायचं, याबद्दल एक अक्षर नाही. मग पुढच्या तपासणीला पेशंट मोजा न घालता गेला की ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं, "खेड्यातले पेशंट ऐकतच नाहीत."

या वाक्यावरच माझा आक्षेप आहे. पेशंटला नीट सांगितलंच नसेल, तर त्याने ऐकायचं काय?

आधी मोजा करतो काय ते समजून घेऊ.

पायातलं रक्त वर हृदयाकडे चढतं ते पोटरीच्या स्नायूंच्या जोरावर. चाललं की पोटरी शिरांना पिळते आणि रक्त वर ढकलते. शिरांमध्ये झडपा असतात, त्या रक्ताला खाली परतू देत नाहीत. माणूस नुसता उभा असला की घोट्याजवळच्या शिरेत साधारण ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याएवढा दाब असतो. धडधाकट पायात चालायला लागलं की तो २०-३० वर उतरतो. झडपा बिघडल्या की तो उतरत नाही. रक्त खाली साचतं, शिरा फुगतात, पाय जड होतो, घोट्याजवळची कातडी काळी पडते आणि शेवटी तिथेच जखम होते, जी महिनोन् महिने भरत नाही.

मोजा बाहेरून दाब देतो. घोट्याला सगळ्यात जास्त, वर जाताना कमी कमी. ही कल्पना ज्याला सुचली तो कॉनरॅड जॉब्स्ट नावाचा अमेरिकेतला इंजिनिअर होता. त्याच्याच पायाला शिरांच्या जखमा होत्या. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पायाला बरं वाटतं हे त्याच्या लक्षात आलं. पाण्याचा दाब तळाशी जास्त आणि वर कमी, तोच दाब कापडात आणायचा त्याने प्रयत्न केला आणि १९५० च्या सुमाराला असा मोजा तयार झाला. तलावांच्या जिल्ह्यातल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. छातीभर पाण्यात उभं राहिल्यावर पाय हलका का होतो, हे आपल्याला शाळेत न जाताही माहीत आहे.

म्हणजे मोज्यात सगळा खेळ दाबाचा आहे. आणि दाबच कोणी लिहून देत नाही!

बाजारात 'व्हेरिकोज मोजा' या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली, पांढरा मोजा, जो दवाखान्यात खाटेवर पडून असलेल्या माणसाला रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घालतात. त्याचा घोट्याजवळचा दाब साधारण १८ च्या आसपास असतो, तो झोपलेल्या माणसासाठी आहे, चालत्याफिरत्या माणसाच्या फुगलेल्या शिरांसाठी नाही. दुसरी वस्तू म्हणजे खरा दाबाचा मोजा, ज्यावर क्लास १, क्लास २, क्लास ३ असं छापलेलं असतं. तिसरी म्हणजे प्रदर्शनात, आठवडी बाजारात आणि मोबाईलवरच्या जाहिरातीत मिळणारा, 'सांधेदुखी, सूज, नसा, सगळ्यावर एकच इलाज' असं लिहिलेला घट्ट मोजा, ज्यावर दाबाचा आकडाच नसतो.

बरं, क्लासमध्येही गोंधळ आहे. जर्मन पद्धतीत क्लास २ म्हणजे २३ ते ३२ मिलिमीटर पारा. ब्रिटिश पद्धतीत क्लास २ म्हणजे १८ ते २४. जर्मन क्लास १ हा १८ ते २१ चा, म्हणजे जवळपास ब्रिटिश क्लास २ एवढाच. डॉक्टरने नुसतं 'क्लास २' लिहिलं आणि मेडिकलवाल्याने हाताला लागेल ते पाकीट काढून दिलं, तर पायावर नेमका किती दाब पडला हे डॉक्टरलाही माहीत नसतं. गोळी देताना ५०० लिहायचं की २५० हे आपण विचारतो ना? मग इथे का विचारत नाही?

आता मुदतीचा प्रश्न. हा खरा भांडणाचा मुद्दा आहे.

ब्रिटनमध्ये 'नाइस' नावाची सरकारी संस्था आहे, कोणता उपचार कोणाला द्यावा याची मार्गदर्शिका ती काढते. जुलै २०१३ च्या तिच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलं आहे की, व्हेरिकोज व्हेन्सच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा लेझरनंतर पट्टी अथवा मोजा द्यायचा असेल तर ७ दिवसांपेक्षा जास्त वापरू नये. शीर काढून टाकायच्या जुन्या ऑपरेशननंतर १ आठवडा मोजा आणि ३ आठवडे मोजा अशी तुलना करणारा अभ्यास २००७ साली छापून आला. पहिल्या आठवड्यानंतर मोज्याचा वेगळा फायदा त्यात दिसला नाही. लेझरनंतरच्या अभ्यासांचा सूरही साधारण तसाच आहे. सुरुवातीचे काही दिवस मोजा घातल्याने दुखणं कमी राहतं. युरोपातल्या रक्तवाहिनी शल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं की, मोजा किती दिवस घालायचा हे प्रत्येक रुग्ण बघून ठरवा.

मग आपल्याकडे सरसकट '३ महिने' कुठून येतं?

डॉक्टरांची बाजूही ऐकून घेऊ. काही पेशंटला जास्त दिवस मोजा लागतो. ज्याच्या खोल शिरांमध्ये बिघाड आहे, ज्याच्या पायाला कायम सूज असते, ज्याला जखम आहे किंवा पूर्वी होती, ज्याच्या पायात आधी गुठळी झाली होती, त्याला महिनोन् महिने, कधी जन्मभर मोजा लागू शकतो. हे खरं आहे आणि त्याबद्दल वाद नाही. माझा वाद 'सरसकट' या शब्दाशी आहे. ज्याला ७ दिवस पुरले असते त्याला ३ महिन्यांची सक्ती आणि ज्याला कायम घालायला हवा त्यालाही तेच ३ महिने. दोघांचंही नुकसान! पहिला वैतागून दहाव्या दिवशी मोजा पेटीत टाकतो आणि आपण चूक केली म्हणून डॉक्टरकडे जायला लाजतो. दुसरा ३ महिने इमानदारीने घालतो, चौथ्या महिन्यात काढतो आणि वर्षभरात जखम घेऊन परत येतो.

या दुसऱ्या माणसाची गोष्ट आकड्यांत मोजलेली आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीत शिरांच्या जखमा असलेले ५०० रुग्ण होते. निम्म्यांना फक्त दाबाची पट्टी आणि मोजा दिला, निम्म्यांना त्याच्याबरोबर शिरांची शस्त्रक्रियाही केली. भरलेली जखम १२ महिन्यांत पुन्हा उघडण्याचं प्रमाण फक्त दाबावर असलेल्यांत २८ टक्के होतं, शस्त्रक्रियाही झालेल्यांत १२ टक्के. २०१८ साली आणखी एक चाचणी आली, ४५० रुग्णांची. शिरांचा इलाज लवकर केला तर जखम भरायला मधला कालावधी ५६ दिवस लागला, उशिरा केला तर ८२ दिवस. दोन्हीकडे दाबाचा उपचार चालूच होता.

याचा अर्थ समजून घ्या. जखमवाल्या पायाला ऑपरेशनही लागतं आणि मोजाही लागतो. "ऑपरेशन झालं, आता मोजा कशाला" हे चूक, आणि "मोजा घाला, ऑपरेशनची घाई नाही" असं म्हणून माणसाला वर्षभर टोलवणंही चूक.

आता त्या "ऐकतच नाहीत"कडे वळू.

आपल्या गावातली रोवणीला जाणारी कोणतीही बाई डोळ्यांसमोर आणा. जुलै-ऑगस्टमध्ये ती सकाळपासून बांधीतल्या चिखलात उभी असते. तिने मांडीपर्यंतचा मोजा घालून चिखलात उतरायचं का? मोजा ओला झाला की कातडी कुजते. मोजा काढून उतरली तर ऑपरेशनच्या ताज्या टाक्यांना चिखलाचं पाणी लागतं. घरी बसली तर रोजी बुडते. यातला कोणता मार्ग निवडायचा हे तिला कोणी सांगितलं? "तुमचं ऑपरेशन रोवणीच्या आधी नको, हंगाम उरकल्यावर करू" एवढं साधं वाक्य किती ठिकाणी बोललं जातं?

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. पत्र्याच्या घरात, पंखा आहे पण लाईट नाही, अशा दुपारी मांडीपर्यंत घट्ट नायलॉन घालून बसा म्हणावं एकदा. बहुतेक पेशंटला गुडघ्याखालचा मोजाही चालतो, तो सुसह्य असतो, घालायला सोपा असतो. पण हा पर्याय विचारायचा असतो हेच माहीत नसतं.

आणि घालायचा कसा? क्लास २ चा मोजा चढवायला हातात जोर लागतो. साठीच्या बाईचे हात आयुष्यभर परे उपटून, भांडी घासून, बिड्या वळून वाकडे झालेले असतात. "मोजा चढतच नाही बाबू, का करू?" हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं आहे की मोजणं सोडलं. तिला कोणी खुर्चीवर बसवून एकदा, फक्त एकदा, घालून दाखवलं का? दहा मिनिटांचं काम आहे.

मग मोजा गुडघ्यामागे गुंडाळला जातो, तिथे दोरी बांधल्यासारखा करकचतो आणि रक्त आणखी अडतं. ज्यासाठी घातला त्याच्या उलटं होतं.

पैशाचं बोलू. चांगल्या कंपनीचा, मांडीपर्यंतचा जोड घ्यायला गेलं तर हजार-दोन हजारांच्या नोटा मोडतात. धुवायला एक आणि घालायला एक म्हणजे दोन जोड हवेत. रोज वापरला तर साधारण ६ महिन्यांत त्याचा ताण जातो, मग नवा. ज्याला जन्मभर घालायचा आहे त्याने हा हिशेब कसा जुळवायचा? ऑपरेशन योजनेत बसलं तरी मोजा बाहेरच्या मेडिकलमधून, रोख.

गंमत बघा. आयात-निर्यातीच्या आणि जीएसटीच्या वर्गवारीत हा मोजा कुठे आहे माहीत आहे का? ६११५ या शीर्षकाखाली. त्यात पँटी-होज, टाइट्स, साधे पायमोजे आणि त्यांच्याच रांगेत 'व्हेरिकोज व्हेन्ससाठीचे दाबाचे मोजे'. म्हणजे आपल्या कागदांवर हे होजिअरीचं कापड आहे. डॉक्टर म्हणतो औषध, सरकार म्हणतं कपडा. हृदयातल्या स्टेंटची किंमत फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने बांधून दिली, गुडघ्याच्या सांध्याची ऑगस्ट २०१७ मध्ये. लोकांनी आवाज केला म्हणून ते झालं. मोज्यासाठी कोण आवाज करणार? ज्याच्या पायाला जखम आहे तो तर घराबाहेरच निघत नाही.

आता एक धोक्याची गोष्ट, जी आपल्या जिल्ह्यात फार महत्त्वाची आहे.

पाय सुजला, काळा पडला, जखम झाली म्हणजे ते व्हेरिकोजच असेल असं नाही. आपल्या भागात बिडी आहे. बिडी-तंबाखूने पायाच्या धमन्या बंद होतात, रक्त खाली पोचतच नाही. अशा पायावर घट्ट मोजा चढवला तर बोटं सडू शकतात. म्हणून मोजा देण्याआधी पायाच्या नाडीचे ठोके बघायचे असतात, शंका असेल तर घोट्याचं बीपी आणि हाताचं बीपी यांची तुलना करायची असते. शुगर असलेल्या माणसाच्या पायाला स्पर्श कळत नाही, मोजा रुतला तरी त्याला समजत नाही. आपल्याकडे सिकलसेल आहे, सिकलसेलच्या रुग्णालाही घोट्याजवळ जखमा होतात. आपल्याकडे हत्तीरोग आहे, त्यातही पाय सुजतो, पण कारण वेगळं आणि काळजीही वेगळी. पूर्व विदर्भात हे चारही आजार एकाच गावात, कधी एकाच घरात सापडतात. इथे पाय न तपासता मोबाईलवरून मोजा मागवणं किंवा मेडिकलच्या काउंटरवरून "हा घ्या, सगळ्यांना बसते" म्हणून उचलणं हा खेळ नाही.

"पण सरकार कुठे कुठे पुरणार?" असं कोणीतरी कमेंटमध्ये लिहीलच. त्याचं उत्तर आपल्याच आरोग्य खात्याकडे आहे. हत्तीरोगाच्या रुग्णांसाठी सरकारची किट असते. टब, मग, टॉवेल, साबण, मलम. आणि नुसती किट द्यायची नसते, पाय कसा धुवायचा, कसा पुसायचा, कसा वर ठेवायचा, हेही शिकवायचं असतं. म्हणजे पायाची काळजी ही शिकवायची गोष्ट आहे हे या खात्याला आधीपासून माहीत आहे. टब देता येतो तर मोजा का नाही? पाय धुवायला शिकवता येतं तर मोजा घालायला का नाही?

"डॉक्टरांना वेळ नसतो" हे दुसरं उत्तर. मान्य. ओपीडीत रांग असते. पण मोजा शिकवायला सर्जन लागत नाही. नर्स, फिजिओथेरपिस्ट, ड्रेसिंग करणारा कर्मचारी, कोणीही मापाची टेप घेऊन हे करू शकतो. ऑपरेशन करायला वेळ असतो आणि ते टिकवायचं शिकवायला नसतो, हे कसं पटायचं?

आपलं एक वाईट आहे. मोठं काही घडलं की आपण जागे होतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयातल्या आगीत १० बाळं गेली, तेव्हा अख्खा देश भंडाऱ्याकडे बघत होता. ते बघायलाच हवं होतं. पण जे हळूहळू सडतं त्याच्याकडे कॅमेरा येत नाही. पायाची जखम ही तशी गोष्ट आहे. तिच्यामुळे माणूस मरत नाही, म्हणून ती बातमी होत नाही. पण बाई कामावरून जाते, वास येतो म्हणून लग्नाकार्यात मागे बसते, नंतर जायचंच सोडते.

आणखी एक. डिस्चार्जच्या वेळी सांगतात, "जास्त वेळ उभं राहू नका." सांगायला सोपं आहे. कापडाच्या दुकानातली मुलगी, हॉटेलातला पोऱ्या, गिरणीतला हमाल, बसमधला कंडक्टर यांनी काय करायचं? कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ४४ मध्ये उभ्याने काम करणाऱ्या कामगारासाठी बसायची सोय ठेवायला सांगितलं होतं. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांसाठीही बसण्याचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडच्या बाजारपेठेत जाऊन बघा, काउंटरमागे स्टूल दिसतो का. दुकानदार मित्रांनो, राग मानू नका. तीनशे रुपयांचा स्टूल आहे, गिऱ्हाईक नसताना पोरीला बसू द्या.

आता मागण्या. नुसतं बोंबलून उपयोग नाही, म्हणून मोजून लिहितो.

१) व्हेरिकोजचं ऑपरेशन करणाऱ्या प्रत्येक दवाखान्याने डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहावं: मोजा कोणत्या दाबाचा (आकड्यात), गुडघ्यापर्यंत की मांडीपर्यंत, घोट्याचं आणि पोटरीचं माप किती, किती दिवस, रात्री काढायचा की नाही. चार ओळी होतात.

२) सुट्टी देण्याआधी पेशंटने किंवा घरच्या माणसाने नर्ससमोर मोजा स्वतः घालून आणि काढून दाखवावा. जमलं नाही तर तेव्हाच पर्याय शोधावा.

३) २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी खुली करायचं ठरलं आणि संरक्षण दीड लाखावरून ५ लाखांवर नेलं. चांगलं केलं. आता मोजा पॅकेजच्या साहित्यात धरायचा की नाही हे लेखी स्पष्ट करा. धरत नसाल तर का नाही, तेही सांगा.

४) ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्या १० नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं त्यात आपलं भंडाराही आहे. तिथे आठवड्यातून एक दिवस 'पायाची ओपीडी' सुरू करा. शिरा, शुगरचा पाय, सिकलसेलची जखम, हत्तीरोग, सगळे एका छताखाली तपासा. विद्यार्थ्यांना शिकायला यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही.

५) ज्यांना जखम झाली आहे किंवा होऊन गेली आहे, त्यांना वर्षाला दोन जोड मोजे सरकारी दवाखान्यातून द्या. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत हा विषय ठेवा. जे सदस्य ही पोस्ट वाचत आहेत, त्यांनी सुरुवात करावी.

आणि सरकार करेल तेव्हा करेल, तोवर आपण काय करायचं?

डॉक्टरला हे प्रश्न विचारा, न लाजता. माझ्या पायाचं रक्त खाली नीट पोचतं का? मला मोजा नेमका कशासाठी, दुखणं कमी व्हावं म्हणून की जखम होऊ नये म्हणून? दाब किती? किती दिवस? गुडघ्याखालचा चालेल का? माझी शीर लेझरने बंद केली की ग्लूने? (ग्लू वापरला असेल तर अनेकदा मोज्याची गरजच पडत नाही.)

माप सकाळी उठल्यावर घ्या, सूज चढण्याआधी. मोजा सकाळी खाटेवरून उतरण्याआधी घाला. पाय कोरडा हवा. तेल लावून मोजा घालू नका, तेलाने त्याचा ताण लवकर जातो. तेल लावायचंच असेल तर रात्री, मोजा काढल्यावर. मोजा टाचेपर्यंत उलटा करा, पंजा आत घाला, मग थोडा थोडा वर सरकवा. वरचं टोक धरून ओढू नका. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर पकड चांगली बसते. बोटं उघडी असलेला मोजा असेल तर पंजावर आधी प्लॅस्टिकची पातळ पिशवी चढवा, मोजा सरकतो, मग पिशवी समोरून ओढून काढा. सुरकुती राहू देऊ नका, वरून दुमडू नका. साध्या साबणाने हाताने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा.

बोटं निळी किंवा पांढरी पडली, बधिर झाली, खूप दुखायला लागली तर मोजा लगेच काढा आणि दवाखान्यात दाखवा. एका पोटरीत अचानक सूज आणि दुखणं आलं तर गुठळीची शंका असते, त्याच दिवशी जा. दम लागला, छातीत दुखलं, तर वाट बघू नका, १०८ ला फोन लावा. योजनेबद्दल अडचण असेल तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा किंवा १५५३८८ वर विचारा.

आणि हो, ही पोस्ट वाचून उद्या सकाळी कोणी मोजा काढून फेकू नका. तुम्हाला ३ महिने सांगितले असतील तर त्यामागे कारण असू शकतं. कारण विचारा. तो तुमचा हक्क आहे. चांगला डॉक्टर चिडणार नाही, आपल्याकडे असे चांगले डॉक्टर आहेत आणि त्यांच्याच जिवावर आपण हे बोलू शकतो.

डॉक्टर, नर्स, मेडिकलवाले मित्र ही पोस्ट वाचत असतील तर कुठे चुकीचं वाटलं ते खाली लिहा, त्यावर बोलू. ज्यांनी मोजा वापरला आहे त्यांनी आपला अनुभव लिहा. दवाखान्याचं, डॉक्टरचं नाव घालू नका, भांडण नको आहे. फक्त एवढंच लिहा की सुट्टी होताना तुम्हाला मोजा कोणी घालून दाखवला होता का. हो किंवा नाही. उत्तरं जमली की ती कागदावर उतरवून जिल्हा रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीकडे देऊ.

लाईक नाही केलं तरी चालेल. पण गावातल्या ज्या मावशीच्या घोट्याला पट्टी बांधलेली दिसते, तिच्या पोराला ही पोस्ट पाठवा.